जीवनसत्त्वं आणि कॅन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात. शब्द थोडे आटोपशीर केले आहेत, प्रश्न मूळचेच आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी समजेल. दुसऱ्या उत्तराशी संबंध असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी इथलं वाचून परस्पर बंद करू नका. कॅन्सरचे उपचार चालू असतील तर आधी प्र. १३ वाचा.

१. रोज जीवनसत्त्वाची गोळी घेतली तर कॅन्सर टळतो का?

नाही. एखाद्या जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ती भरून काढायलाच हवी, तो विषय वेगळा. पण कमतरता नसताना वरून गोळ्या घेतल्या म्हणून कॅन्सर टळला, असं हजारो लोकांवर वर्षानुवर्षं चाललेल्या प्रयोगांत दिसलेलं नाही. दोन गोळ्यांनी तर काही जणांना अपायच झाला: बीटा कॅरोटीन, ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व बनतं (प्र. ३), आणि मोठ्या मात्रेतलं ई (प्र. ५). कॅन्सर किंवा हृदयविकार टाळण्यासाठी ही दोन घेऊ नका, असं अमेरिकेतल्या प्रतिबंधक उपचारांच्या तज्ज्ञ समितीने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

२. मग फळं-भाज्या भरपूर खाणाऱ्यांना कॅन्सर कमी होतो म्हणतात, ते खोटं का?

ते खोटं नाही, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला. १९८० च्या सुमारास अनेक पाहण्यांत एकच गोष्ट दिसत होती: ज्यांच्या आहारात आणि रक्तात बीटा कॅरोटीन जास्त, त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी. १९८१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात रिचर्ड पेटो आणि सहकाऱ्यांनी प्रश्न मांडला की हे बीटा कॅरोटीनमुळेच होतं का, आणि ते तपासायला प्रयोग करावेत असं सुचवलं. पुढे प्रयोग झाले आणि उत्तर उलटं आलं.

कारण सरळ आहे. रोज भाजी-फळं खाणारा माणूस सहसा सिगारेट कमी ओढतो, दारू कमी पितो, वजन आटोक्यात ठेवतो. शिवाय मेथीच्या जुडीत फक्त बीटा कॅरोटीन नसतं. चोथा असतो, फोलेट असतं, इतर शेकडो द्रव्यं असतात. त्यातलं एक काढून दहापट मात्रेत दिलं की ती मेथी राहत नाही.

३. बीटा कॅरोटीनने कॅन्सर वाढला, हे नक्की काय प्रकरण आहे?

या विषयातला हा सगळ्यात महत्त्वाचा धडा आहे, म्हणून सविस्तर.

फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना चार गटांत विभागलं. कुणाला रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन, कुणाला ५० मिलिग्रॅम ई, कुणाला दोन्ही, कुणाला नुसती दिसायला तशीच गोळी. पाच ते आठ वर्षं हे चाललं. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त.

अनेकांना वाटलं, हा योगायोग असेल. त्याच वेळी अमेरिकेत दुसरा प्रयोग चालू होता. त्यात १८,३१४ लोक होते: सिगारेट ओढणारे, सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेले. मात्रा रोज ३० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन आणि २५,००० आययू (जीवनसत्त्व मोजण्याचं एकक, प्र. १२) अ जीवनसत्त्व. तिथेही फुप्फुसाचे कॅन्सर २८ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू १७ टक्क्यांनी जास्त निघाले. जानेवारी १९९६ मध्ये तो प्रयोग ठरल्यापेक्षा २१ महिने आधी थांबवला.

असं का झालं असावं? धुराने पोळलेल्या फुप्फुसात, भरपूर ऑक्सिजनच्या सान्निध्यात, बीटा कॅरोटीनचे रेणू स्वतःच मोडतात आणि त्यांचे तुकडे पेशींना त्रास देतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसलं. सिगारेट न ओढणाऱ्यांत हा अपाय आढळला नाही. अमेरिकेतल्या २२,०७१ पुरुष डॉक्टरांनी बारा वर्षं एक दिवसाआड ५० मिलिग्रॅम घेतलं. त्यांतले बहुतेक सिगारेट न ओढणारे होते. त्यांना फायदा झाला नाही, तोटाही नाही.

सिगारेट किंवा विडी ओढत असाल, किंवा पूर्वी ओढत होतात, तर बीटा कॅरोटीन असलेली गोळी घेऊ नका. ती कशी ओळखायची ते प्र. १२ मध्ये आहे.

४. मी ओढत नाही. तंबाखूचा बार धरतो. घरात आई मिश्री लावते. तोंडासाठी काही जीवनसत्त्व चालेल का?

तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांवर तिरुवनंतपुरमला प्रयोग झाला आहे. निकाल १९९७ मध्ये आला. एका वर्षात मोठ्या मात्रेतल्या अ जीवनसत्त्वाने ५२ टक्के लोकांचे चट्टे पूर्ण गेले, बीटा कॅरोटीनने ३३ टक्के, औषध नसलेल्या नुसत्या गोळीने १० टक्के. आकडे आशादायक वाटतात. पण गोळ्या थांबवल्यावर, बरे झालेल्यांपैकी निम्म्या ते दोन तृतीयांश लोकांचे चट्टे परत आले. आणि ती मात्रा, आठवड्याला तीन लाख आययू, घरी स्वतःच्या मनाने घेण्यासारखी मुळीच नाही. यकृताला इजा होते.

तेव्हा गोळीचा विचार सोडा आणि आठवड्यातून एकदा आरसा हातात घ्या. चांगल्या उजेडात बसा, कवळी असेल तर काढा. बार जिथे धरता ती ओठ आणि हिरडीमधली खाच बोटाने ओढून बघा. मग दोन्ही गालांची आतली बाजू, जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा, जिभेखालची जागा, टाळू. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल मखमली डाग, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावत नसतील, तर त्याच आठवड्यात दंतवैद्याला किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला दुखतच नाही.

मिश्री म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखूच. ती दात घासण्यासाठी वापरली म्हणून निर्धोक होत नाही. नुसती सुपारीसुद्धा, तंबाखू नसताना, कॅन्सरकारक ठरलेली आहे.

५. ती ४०० ची हिरवी कॅप्सूल, ई जीवनसत्त्वाची, त्वचेसाठी घेते. कॅन्सरलाही चांगली ना?

नाही, आणि पुरुषांनी तर जपूनच. फिनलंडच्या प्र. ३ मधल्या प्रयोगात ई घेणाऱ्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर कमी झालेला दिसला, म्हणून ते मुद्दाम तपासायला ३५,५३३ पुरुषांवर मोठा प्रयोग २००१ मध्ये सुरू झाला. रोज ४०० आययू ई, किंवा २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम हे खनिज, किंवा दोन्ही. फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. २०११ पर्यंतचा हिशेब मांडला तेव्हा नुसतं ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचे कॅन्सर १७ टक्के जास्त निघाले. गोळी थांबवल्यानंतरही धोका वाढलेला दिसला, हे लक्षात घ्या.

दिवसाची गरज जेमतेम १० मिलिग्रॅमच्या आसपास. शेंगदाणे, करडई-सूर्यफुलाचं तेल यांतून ती भागते. कॅप्सूल फोडून चेहऱ्याला लावण्याचा कॅन्सरशी संबंध नाही.

६. ड जीवनसत्त्व कमी असलं की कॅन्सर होतो असं ऐकलं. मग डी-३ घ्यायचं ना?

रक्तात ड कमी असणाऱ्यांना काही कॅन्सर जास्त होतात असं पाहण्यांत दिसतं. पण आजारी, स्थूल आणि घरात बसून राहणाऱ्या माणसाचं ड आधीच कमी असतं, त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे त्यातून कळत नाही. अमेरिकेत २५,८७१ लोकांवर प्रयोग झाला: रोज २,००० आययू, सरासरी पाचेक वर्षं. कॅन्सरचं प्रमाण कमी झालं नाही. कॅन्सरने होणारे मृत्यू किंचित कमी दिसले, पण खात्रीने सांगावं इतका फरक नव्हता. ऑस्ट्रेलियात साठीच्या पुढच्या २१,३१५ लोकांना महिन्याला एकदा ६०,००० आययू, म्हणजे आपल्याकडच्या पुडीइतकीच मात्रा, पाच वर्षं दिली. मृत्यू कमी झाले नाहीत.

आपल्याकडे ड ची कमतरता खूप आहे आणि हाडं, स्नायू, पाठदुखी यांसाठी ती भरून काढणं योग्यच. तपासणीत कमी आलं तर घ्या. फक्त ते हाडांसाठी घेत आहात हे मनात असू द्या.

७. साठ हजारची पुडी आठवड्याला एक घ्यायची होती, आजोबांनी रोज एक घेतली. काय करावं?

ही चूक फार घरांत होते. बाकीच्या गोळ्या रोजच्या असतात, ही एकच आठवड्याची, आणि चिठ्ठीवरचं इंग्रजी वाचलं जात नाही. दोन-तीन जास्तीच्या पुड्या गेल्या असतील तर सहसा घाबरण्यासारखं नसतं. पुडी आणि कॅल्शियमची गोळी दोन्ही थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. काही आठवडे रोज घेतली असेल तर त्याच दिवशी दाखवा. रक्तात कॅल्शियम वाढतं: भूक जाते, उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान आणि लघवी, मग गुंगी आणि असंबद्ध बोलणं. मूत्रपिंडालाही इजा होते. तपासण्या तीन: कॅल्शियम, क्रिएटिनिन, २५-हायड्रॉक्सी ड. ड चरबीत साठून राहतं, त्यामुळे पुडी बंद केल्यावरही त्रास आठवडेच्या आठवडे चालू शकतो.

पुन्हा चूक होऊ नये म्हणून वार ठरवा, कॅलेंडरवर आठ रविवारांवर आधीच गोल करा आणि घेतली की फुली मारा. पुड्या रोजच्या डब्यात ठेवू नका.

८. मल्टिव्हिटॅमिन तरी चालेल? त्यात सगळंच थोडं थोडं असतं.

पन्नाशीपुढच्या १४,६४१ पुरुष डॉक्टरांनी अकरा वर्षं रोज एक मल्टिव्हिटॅमिन घेतलं. कॅन्सर ८ टक्के कमी झाले, निकाल २०१२ मध्ये आला. टक्केवारी ऐकायला बरी वाटते; प्रत्यक्षात दर वर्षी हजारांत १८.३ च्या जागी १७. कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंत ठोस फरक नव्हता. नंतर २१,४४२ स्त्री-पुरुषांवरचा प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात फायदा दिसला नाही, मात्र तो साडेतीन वर्षांचाच होता. रोजच्या गरजेइतक्याच मात्रेची साधी गोळी घेत असाल तर नुकसान नाही. कॅन्सर टळेल म्हणून मुद्दाम सुरू करावी असा पुरावाही नाही.

९. क जीवनसत्त्वाचे मोठे डोस कॅन्सरवर चालतात ना? नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञाने सांगितलंय.

लायनस पॉलिंग. त्यांनी स्कॉटलंडचे डॉक्टर यूअन कॅमेरॉन यांच्याबरोबर १९७६ मध्ये लिहिलं की रोज १० ग्रॅम क दिलेले रुग्ण जास्त जगले. पण तुलना जुन्या नोंदींतल्या रुग्णांशी केली होती. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने रीतसर चिठ्ठ्या टाकून गट पाडले आणि तोंडावाटे तेवढीच मात्रा दिली. १९७९ आणि १९८५, दोन्ही वेळा फायदा शून्य. प्रतिबंधाचं म्हणाल तर प्र. ८ मधल्याच डॉक्टरांपैकी काहींना रोज ५०० मिलिग्रॅम क दिलं होतं. त्यानेही कॅन्सर कमी झाले नाहीत.

पुरुषाची दिवसाची गरज ८० मिलिग्रॅम. एका मध्यम पेरूत त्याच्या दुपटीहून जास्त असतं. रोज ग्रॅमच्या पुढे गोळ्या घेतल्या तर जुलाब होतात, आणि मुतखडा होण्याचा धोका वाढतो.

१०. फॉलिक ॲसिडने कॅन्सर वाढतो असं वाचलं. सून गरोदर आहे, तिची गोळी बंद करू का?

अजिबात नाही. गर्भधारणेच्या आधीपासून आणि पहिल्या तीन महिन्यांत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घेतल्याने बाळाच्या मणक्याचे आणि मेंदूचे दोष टळतात. हा फायदा पक्का आहे. पुढे लोह-फॉलिकची गोळीही चालू ठेवायची.

भीती आली ती एका प्रयोगातून. मोठ्या आतड्यातल्या गाठी काढलेल्या लोकांना अनेक वर्षं रोज १ मिलिग्रॅम दिलं, तेव्हा मोठ्या गाठी जास्त आढळल्या. पुढे सुमारे ५०,००० लोकांचे तेरा प्रयोग एकत्र मोजले तेव्हा कॅन्सर ठळकपणे वाढलेला नव्हता, कमीही झाला नव्हता. आतड्यात अशा गाठी निघाल्या असतील तर ५ मिलिग्रॅमची गोळी कारणाशिवाय वर्षानुवर्षं घेऊ नका, इतकंच.

११. एकाही जीवनसत्त्वाने कधी कॅन्सर कमी झालाच नाही का?

प्र. ८ मधला किरकोळ फायदा सोडला तर दोन ठिकाणी झाला, आणि दोन्ही उदाहरणं नीट समजून घेण्यासारखी आहेत.

चीनमधल्या हेनान प्रांतात लिनश्यान परिसरात अन्ननलिका आणि जठराचा कॅन्सर फार, आणि आहार वर्षानुवर्षं निकृष्ट. तिथल्या २९,५८४ लोकांपैकी काहींना पाच वर्षं बीटा कॅरोटीन, ई आणि सेलेनियम एकत्र दिलं. कॅन्सरने होणारे मृत्यू १३ टक्के कमी झाले. इथे गोळीने पोटातली उणीव भरली. सुखवस्तू घरात ती उणीवच नसते.

दुसरं ऑस्ट्रेलियात, २०१५ मध्ये. आधी त्वचेचे किमान दोन कॅन्सर होऊन गेलेल्या ३८६ लोकांना वर्षभर दिवसातून दोनदा ५०० मिलिग्रॅम निकोटिनामाइड, म्हणजे बी-३ चा एक प्रकार, दिलं. नवे कॅन्सर २३ टक्के कमी झाले. गोळी थांबताच फायदा संपला. हे मेलानोमा (त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर) नसलेल्या, गोऱ्या त्वचेला उन्हाने होणाऱ्या कॅन्सरांपुरतं आहे. सावळ्या त्वचेला ते मुळात विरळ.

‘बी-१७’ या यादीत नाही, कारण ते जीवनसत्त्वच नाही. जर्दाळूच्या कडू बियांतलं ते द्रव्य आतड्यात सायनाइड सोडतं. त्याने विषबाधा झालेली आहे, कॅन्सर बरा झालेला नाही. ऑनलाइन मिळतं म्हणून आणू नका.

१२. गोळीच्या पाकिटावर नेमकं काय वाचायचं?

पट्टीची मागची चंदेरी बाजू उजेडात तिरपी धरा. बारीक अक्षरांत घटक असतात. दिसलं नाही तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा. ‘अँटिऑक्सिडंट’ नावाच्या कॅप्सूल आणि डोळ्यांच्या गोळ्यांत ‘बीटा कॅरोटीन’ शोधा. डोळ्यांच्या पडद्याच्या विकारासाठीच्या जुन्या सूत्रात ते १५ मिलिग्रॅम असायचं. २०१३ च्या प्रयोगात, पूर्वी सिगारेट ओढलेल्यांत त्याने फुप्फुसाचा कॅन्सर जास्त दिसला, म्हणून नव्या सूत्रात त्याच्या जागी ल्युटिन १० आणि झियाझँथिन २ मिलिग्रॅम ही द्रव्यं आली. धूम्रपान केलेलं असेल तर नवंच मागा.

एकके एकसारखी नसतात. ड चे ४० आययू म्हणजे १ मायक्रोग्रॅम. अ चे साधारण ३,३३० आययू म्हणजे १,००० मायक्रोग्रॅम. रोजच्या वापराची वरची मर्यादा अ साठी ३,००० मायक्रोग्रॅम, ड साठी ४,००० आययू, फॉलिक ॲसिडसाठी १,००० मायक्रोग्रॅम. मल्टिव्हिटॅमिन, केसांची गोळी आणि प्रोटीन पावडर तिन्ही घेत असाल तर बेरीज करून बघा. तीच द्रव्यं तिन्हीत निघतात.

(लहान मुलांना सहा-सहा महिन्यांनी मिळणारा अ चा डोस बंद करू नका. तो अंधत्व आणि संसर्ग टाळण्यासाठी आहे.)

१३. वडिलांचं केमो चालू आहे. ताकदीसाठी जीवनसत्त्वं देऊ का?

ऑन्कॉलॉजिस्टला (कॅन्सरतज्ज्ञाला) पट्टी दाखवल्याशिवाय एकही नको. काही जोड्या खरोखर घातक आहेत.

कॅपेसिटाबिन किंवा ५-एफयू ही केमोची औषधं चालू असताना फॉलिक ॲसिड घेतलं तर औषधाचा जोर वाढतो: जुलाब, तोंड येणं, तळहात-तळपाय सोलवटणं. याउलट पेमेट्रेक्सेड हे केमोचं औषध देताना फॉलिक ॲसिड आणि बी-१२ द्यावंच लागतं. फॉलिक रोज ४०० ते १,००० मायक्रोग्रॅम, पहिल्या डोसच्या आठवडाभर आधी सुरू करून शेवटच्या डोसनंतर तीन आठवडे. बी-१२ चं १,००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन दर नऊ आठवड्यांनी. ते चुकलं तर रक्तपेशी धोकादायक कमी होतात. एकच गोळी, एका रुग्णाला वर्ज्य आणि दुसऱ्याला सक्तीची, म्हणून वॉर्डातल्या शेजारच्या नातेवाइकाचा सल्ला इथे चालत नाही. बोर्टेझोमिब या कॅन्सरच्या औषधाच्या दिवसांत क च्या गोळ्या नकोत.

रेडिएशनच्या काळात अँटिऑक्सिडंटही नको. कॅनडात डोकं-मान भागाच्या कॅन्सरच्या ५४० रुग्णांवरच्या प्रयोगात, ई घेत असतानाच्या काळात कॅन्सर परतण्याचं किंवा दुसरा होण्याचं प्रमाण जास्त होतं.

ताकद हवी असेल तर अंडी, दूध, वरण-भात-तूप, पनीर, शेंगदाणा लाडू. तोंड आलं असेल तर पातळ खिमट.

१४. केसांसाठी बायोटिन घेते. तपासणीत घोटाळा होतो का?

होतो. केसांच्या गोळीत बहुधा १० मिलिग्रॅम बायोटिन असतं. रोजची गरज तीस-चाळीस मायक्रोग्रॅम. रक्ताच्या अनेक यंत्रचाचण्यांत बायोटिनचाच चिमटा वापरतात, त्यामुळे रक्तातलं जादा बायोटिन मध्ये येतं. प्रोस्टेटचं पीएसए, थायरॉइडचं टीएसएच, हृदयाचं ट्रोपोनिन खोटं कमी येऊ शकतं. थायरॉइडचंच टी-३, टी-४ खोटं जास्त. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला. तपासणीआधी दोन-तीन दिवस गोळी थांबवा आणि रक्त घेणाऱ्याला सांगा.

१५. मग खायचं काय? गाजराचा ज्यूस चालेल?

दिवसाला भाज्या-फळं मिळून ४०० ग्रॅम: दोन वाट्या भाजी, एक वाटी कोशिंबीर, एक-दोन फळं. शेवग्याचा पाला, मेथी, अंबाडी, लाल भोपळा, पपई, आवळा, पेरू. पालेभाजी धुऊन मग चिरा, पाणी ओतून देऊ नका, झाकण ठेवून थोडक्यात शिजवा. बीटा कॅरोटीन तेलाशिवाय नीट शोषलं जात नाही. चमचाभर तेलाची फोडणी पुरते. मैद्याऐवजी ज्वारी, बाजरी, नाचणी, डाळी-उसळी. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरविरुद्ध चोथ्याचा पुरावा चांगला आहे. दाणे भाजताना काळपट, सुरकुतलेले, कडू शेंगदाणे वेचून फेकून द्या: त्यांच्यावरच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन यकृताचा कॅन्सर करतं आणि भाजून पूर्ण जात नाही.

गाजराची कोशिंबीर, हलवा खुशाल खा. पण मोठा पेला ज्यूसमध्ये १५ ते २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन असतं, जवळपास प्र. ३ मधल्या गोळीइतकं. आहारातल्या गाजराने अपाय झाल्याचं दिसलेलं नाही, तरी सिगारेट ओढणाऱ्याने असा पेला रोज औषधासारखा घेऊ नये.

१६. घरात आई आणि मावशीला कॅन्सर झाला. गोळ्या नाहीत, तर पैसे कशावर खर्च करू?

तपासणीवर, आणि त्यातलं बरंच सरकारी केंद्रात विनामूल्य आहे. धाराशिव जिल्ह्यात (तेव्हाचा उस्मानाबाद) १९९९ पासून १,३१,७४६ बायकांवर अभ्यास झाला. गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या एचपीव्ही विषाणूची आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. मुंबईत टाटा मेमोरियलच्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी स्तन हाताने तपासले. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्के घटले. कुठल्याही जीवनसत्त्वाला याच्या जवळपासही जाता आलेलं नाही.

मुलींना ९ ते १४ वयात एचपीव्हीची लस द्या, घरात सगळ्यांची हिपॅटायटिस बी ची लस झाली आहे का बघा. तिशीनंतर तोंड, स्तन, गर्भाशयमुख तपासून घ्या. आई-मावशीला पन्नाशीच्या आत स्तनाचा किंवा कुठल्याही वयात बीजांडकोशाचा कॅन्सर झाला असेल तर जनुकीय सल्ला घ्या.

१७. उपचार संपले. पुन्हा होऊ नये म्हणून काही चालू ठेवू?

पुन्हा होऊ नये म्हणून कुठलंच नाही. पण उपचारांनी आलेली उणीव भरावी लागते. जठर पूर्ण काढलं असेल तर बी-१२ अन्नातून शोषलंच जात नाही; इंजेक्शन जन्मभर, सहसा महिन्याला एक. ते राहिलं की वर्ष-दोन वर्षांनी मुंग्या आणि तोल जाणं सुरू होतं, आणि तोवर ऑपरेशन विस्मरणात गेलेलं असतं. म्हणून फाइलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. स्तनाच्या कॅन्सरनंतर लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल चालू असेल तर हाडं ठिसूळ होतात. ड आणि कॅल्शियम डॉक्टर सांगतील तेवढं घ्या आणि हाडांची घनता मोजून घ्या.